शून्य सायटेशनची फाईल

पत्राचा सारांश (नाव-गाव गाळून)

गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या ताई अनुदानित महाविद्यालयात मराठी शिकवतात. बारा वर्षांपासून त्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतल्या तलाव, बोडी (लहान तळं), बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत) आणि धानशेतीच्या शब्दांवर काम करत आहेत. चौदा लेख छापून आले, सगळे मराठीत. पदोन्नतीसाठी कॅसची (शिक्षकांच्या पदोन्नती योजनेची) फाईल दिली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की स्कोपस या संशोधनलेखांच्या सूचीत तुमच्या नावावर शून्य पेपर आणि शून्य सायटेशन (इतरांनी दिलेले हवाले) दिसतात, तेव्हा विषय बदला किंवा इंग्रजीत लिहा. एक एजंट १८ हजार रुपयांत ‘गॅरंटीचा स्कोपस पेपर’ लावून देतो म्हणतो. ताई आणि त्यांचे तीन सहकारी मिळून एक सहामाही नियतकालिक चालवतात. ‘इंडेक्स्ड नाही’, म्हणजे अशा सूचीत नाही, म्हणून आता त्याला लेख मिळेनासे झाले आहेत. समीक्षकही मिळत नाहीत, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. नियतकालिकासाठी स्कोपसकडे अर्ज करावा का, असंही त्या विचारतात. एका सहकाऱ्याने उपाय सुचवला की आपण सगळ्यांनी ठरवून एकमेकांचे संदर्भ द्यायचे. शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा. तिला बोडीतल्या माशांच्या नावांवर पीएचडी करायची आहे. तिला होकार दिला तर तिचं नुकसान तर होणार नाही ना, असं ताई विचारतात.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘शून्य’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. म्हणून आधी तेवढंच पाहू: ते शून्य कोणी मोजलं आणि कशातून मोजलं.

स्कोपस काय किंवा वेब ऑफ सायन्स काय, दोघांचंही काम ठरावीक आहे. काही नियतकालिकं निवडायची, त्यांतल्या प्रत्येक लेखाखालची संदर्भसूची उतरवून घ्यायची आणि कोणी कोणाचा हवाला दिला याची जुळणी लावायची. निवडीच्या बाहेर जे छापलं जातं त्याच्या संदर्भसूचीकडे हे यंत्र बघतच नाही. भंडाऱ्याच्या एखाद्या संशोधकाने मराठी ग्रंथात तुमच्या लेखाची चार पानं वापरली, खाली तळटीप दिली, तरी यंत्राच्या लेखी ते घडलेलं नाही. सातबाऱ्यावर पीकपेरा चढला नाही म्हणून त्या साली बांधीत धान नव्हता असं आपल्याकडे कोणी म्हणणार नाही. नोंद करणारा तिथवर आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं शून्य त्याच जातीचं आहे. कोणी वाचलं नाही असं ते सांगत नाही, कोणी मोजलं नाही एवढंच सांगतं.

ही निवड मुळात एवढी आखूड का, हेही समजून घ्या, कारण तुमच्या प्राचार्यांशी बोलताना ते लागेल. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही कल्पना मांडली आणि त्यांच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. अमेरिकेतल्या वकिलांकडे असलं साधन १८७३ पासूनच होतं. एखाद्या जुन्या निकालाचा पुढे कोणत्या खटल्यात आधार घेतला गेला, तो उलटवला गेला का, हे त्यातून शोधता येई. म्हणजे हे शोधण्याचं साधन होतं, माणसाला गुण देण्याचं नव्हे. सगळी नियतकालिकं उतरवून घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा आधार घेतला तो ब्रॅडफर्ड या इंग्रज ग्रंथपालाच्या १९३४ च्या निरीक्षणाचा: कोणत्याही विषयातले बरेचसे लेख थोड्याच नियतकालिकांत एकवटलेले असतात. मग तेवढा गाभा घेतला की काम भागतं. भौतिकशास्त्राचं भागलंही. पण ज्या विषयाची अख्खी वस्तीच त्या गाभ्याबाहेर आहे, त्याचं काय? झाडीबोली, गोंडी, वऱ्हाडी, माजी मालगुजारी तलाव, दंडार हे सगळे विषय त्या बाहेरच्या वस्तीतले.

दुसरी अडचण काळाची. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना मागच्या फक्त दोन वर्षांतल्या लेखांना यंदा किती हवाले मिळाले तेवढेच मोजतात आणि त्याला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागतात. आता आपल्या भागातलीच उदाहरणं घ्या. वाकाटकांवर आज लिहिणारा माणूस नागपूरच्या वा. वि. मिराशींनी संपादलेला वाकाटक कोरीव लेखांचा खंड उघडल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही, आणि तो खंड १९६३ चा आहे. वऱ्हाडी-नागपुरीवर लिहिणारा ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड काढतो, तो १९०५ चा. दोन वर्षांच्या खिडकीतून या दोन्ही कामांचा एकही हवाला दिसणार नाही. तुमचा बोडीच्या शब्दांवरचा लेख वीस वर्षांनी कामी येणार असेल, तर हे माप त्याच्यासाठी घडलेलंच नाही. खुद्द इम्पॅक्ट फॅक्टर देणाऱ्यांनीसुद्धा २०२३ च्या आवृत्तीआधी कला-मानव्य निर्देशांकातल्या नियतकालिकांना तो दिलेला नव्हता.

छोट्या क्षेत्रात हा आकडा नुसता लहान नसतो, डळमळीतही असतो. तुमच्या सहामाहीत दर अंकाला सहा लेख धरले तर दोन वर्षांचे चोवीस झाले. त्यांना वर्षभरात सहा हवाले मिळाले तर आकडा येतो ०.२५. एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने आपल्या एका पेपरात तुमचे आणखी सहा लेख घेतले, की तोच आकडा ०.५० होतो. एका माणसाच्या एका पेपराने जे माप दुप्पट होतं, त्यावरून नियतकालिकाची पत ठरवू नये. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा असंच सांगतं, आणि २०१३ चं सॅन फ्रान्सिस्कोचं घोषणापत्र नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं मूल्यमापन करू नका असं म्हणतं. दोन्ही नावं तुमच्या अर्जात असू द्या.

आता कॅसची फाईल. ‘स्कोपसच पाहिजे’ हे वाक्य तुम्हाला तोंडी सांगितलं की लेखी दाखवलं? पत्रावरून वाटतं, तोंडीच. तेव्हा पहिलं काम हे: तुमचा मूल्यमापनाचा काळ कोणत्या विनियमांखाली येतो हे आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांखाली येत असेल, तर त्यातला तक्ता क्रमांक २ काढा. भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी ‘समीक्षित किंवा यूजीसीच्या यादीतल्या’ नियतकालिकातल्या एका पेपराला १० गुण आहेत (समीक्षित म्हणजे ज्यातले लेख छापण्याआधी जाणकारांकडून तपासले जातात ते). त्यातल्या ‘किंवा’ शब्दाखाली रेघ मारा. भाषा कोणती याची अट तिथे नाही. खालच्या टिपेत इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण दिले आहेत, आणि त्यात इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या समीक्षित नियतकालिकाचेही ५ आहेत. दोघांनी मिळून लिहिलेल्या पेपरात प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के मिळतात. राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाचे १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाचे ५, अनुवादित पुस्तकाचे ८. तुमच्या पत्रात पुस्तकाचा उल्लेख नाही. बारा वर्षांचा शब्दसंग्रह पुस्तकरूपाने यायला हवाच, गुणांचा प्रश्न नसता तरीही.

प्राचार्य तुमच्या वाईटावर टपलेले नाहीत, हेही लक्षात घ्या. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत संशोधनाचे आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधूनच उचलले जातात, त्यामुळे महाविद्यालयावरचा दबाव खरा आहे. शिवाय यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. आयती यादी गेली की माणूस दुसरी आयती यादी शोधतो, आणि स्कोपस हाताशी असतं. पण महाविद्यालयाची क्रमवारी आणि शिक्षकाची पदोन्नती ही दोन वेगळी खाती आहेत. एकाचं माप दुसऱ्याला लावू नये, हे शांतपणे मांडा. नुसता नकार घेऊन जाऊ नका, सोबत पर्याय न्या. प्रत्येक विषयासाठी महाविद्यालयाने आपले निकष ठरवावेत, त्यात समीक्षेची पद्धत, संपादक मंडळ, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) आणि नियमितपणा पाहावा, आणि मराठीसाठी बाहेरच्या विद्यापीठातला एक जाणकार समितीवर घ्यावा, असा एका पानाचा प्रस्ताव द्या.

समितीपुढे ‘समीक्षित’ हा शब्द सिद्ध करावा लागतो, आणि चांगल्या माणसांच्या फाईली अडकतात त्या इथेच. प्रत्येक लेखासाठी मुखपृष्ठ, आयएसएसएन असलेलं पान, अनुक्रमणिका, लेखाचं पहिलं पान, नियतकालिकाचं समीक्षा-धोरण आणि समीक्षकाच्या शेऱ्यांचा ईमेल एकत्र लावा. जुने ईमेल सापडत नसतील तर संपादकाकडून तारखांसह पत्र घ्या. एक प्रश्न तुम्हाला थोडा टोचेल, तरी विचारायला हवा. चौदापैकी किती लेख तुमच्याच नियतकालिकात आले आहेत? दोन-तीन असतील तर हरकत नाही. आठ-नऊ असतील तर समितीचा संशय रास्त आहे. संपादकाचा लेख दुसऱ्या संपादकाने हाताळला, समीक्षक त्यानेच निवडले, अशी ओळ लेखाच्या शेवटी छापण्याची पद्धत येत्या अंकापासून पाडा.

फाईलमध्ये आणखी एक पान असू द्या: वापराचा तक्ता. कोणी, कुठे, कोणत्या पानावर तुमचं काम घेतलं आणि त्यातून नेमकं काय घेतलं. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठी, भूगोल, समाजशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे तुमच्या विषयाजवळचे प्रबंध उघडा आणि शेवटची संदर्भसूची डोळ्यांनी वाचा. त्यांतले पुष्कळ स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे शोधपेटीत नाव टाकून ते सापडत नाहीत. अभ्यासक्रमाच्या संदर्भयाद्या, गॅझेटियरसारखी सरकारी प्रकाशनं, तलावांवर काम करणाऱ्या संस्थांचे अहवाल हेही पाहा. दोन रविवार लागतील. पाच-सात नोंदी निघाल्या तरी शून्याच्या समोर ठेवायला काहीतरी ठोस हाती येईल.

एजंटबद्दल थोडक्यात: नको. १८ हजार जातात हा त्यातला लहान तोटा. एखाद्या खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब संकेतस्थळ उभं करतात आणि पेपर तिथे ‘छापतात’. तो स्कोपसमध्ये बहुधा येतच नाही. किंवा नियतकालिक खरं असतं, पण असल्याच धंद्यामुळे स्कोपस ते पुढे वगळतं, आणि तुमचा पेपर चढायच्या आधीच दार बंद होतं. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: पेपर चढतो आणि नंतर मागे घेतला जातो. मागे घेतल्याची ती सूचना तुमच्या नावासह कायम राहते. कोणतंही नियतकालिक तपासायचं तर स्कोपसची स्रोतयादी आणि वेब ऑफ सायन्सची मास्टर जर्नल लिस्ट दोन्ही मोफत पाहता येतात. नाव नाही, आयएसएसएन टाकून शोधा. समावेश कोणत्या सालापर्यंत आहे ते वाचा, आणि संकेतस्थळावर मास्टर जर्नल लिस्टमधल्या दुव्यानेच जा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्याने नाही. पाच दिवसांत स्वीकृती, एकाच अंकात काँक्रीट, नर्सिंग आणि संतसाहित्य, समीक्षेआधी पैसे: यातलं एकही दिसलं तरी मागे फिरा. आणि आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. तो असल्याचं कोणी मोठेपण सांगू लागलं तर तिथेही सावध व्हा.

सहकाऱ्याच्या ‘ठरवून संदर्भ देऊ’ला मात्र सविस्तर उत्तर हवं, कारण त्यामागे लोभ नाही, हतबलता आहे. एकमेकांना आकडे पुरवणाऱ्या नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर तो देणारी क्लॅरिव्हेट ही कंपनी रोखून धरते, आणि छोट्या क्षेत्रात ही गोष्ट चटकन नजरेत भरते, कारण नावंच मोजकी असतात. पण पकडले जाऊ याहून मोठं कारण वेगळं आहे. आपल्या क्षेत्रात जे थोडे प्रामाणिक हवाले आहेत, त्यांचाही भरवसा जाईल. त्याचबरोबर दुसरी बाजूही आहे: मराठीत आपण हवाले कमी देतो. व्याख्यानात ऐकलेली कल्पना, मित्राने फोनवर सांगितलेला शब्द, दुसऱ्याच्या लेखातलं उदाहरण आपण वापरतो आणि शेवटी ‘अनेकांचे आभार’ म्हणून मोकळे होतो. तेव्हा नियम असा करा की जे वापरलं त्याचा हवाला द्यायचाच, आणि त्यातून काय घेतलं ते वाक्यातच सांगायचं. ‘बोडी आणि तलाव यांतला फरक अमुक यांनी असा केला आहे’ असं लिहिलं की तो हवाला ठरवून दिलेला आहे का, हे कोणालाही तपासता येतं.

इंग्रजीचं काय? विषय सोडून इंग्रजीत जाऊ नका, पण इंग्रजी टाळूही नका. तुमच्या कामातला काही भाग पाणथळ जागांचे अभ्यासक आणि मध्य भारतातल्या भाषांचे अभ्यासक यांनाही हवा आहे, आणि त्यांना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षांतून एक नीट पेपर लिहा. त्यातून आणखी एक काम साधतं. निर्देशांकातल्या नियतकालिकात तुमचा पेपर आला की त्याखालची संदर्भसूचीही उतरवली जाते, म्हणजे तुमच्या क्षेत्रातली पंधरा-वीस मराठी कामं हवाल्याच्या रूपाने तिथे पोचतात. मात्र हे यंत्र रोमन लिपीतले संदर्भ वाचतं, देवनागरी संदर्भ गळतात. म्हणून लेखकाचं नाव आणि शीर्षक रोमन लिप्यंतरात, पुढे चौकोनी कंसात शीर्षकाचा इंग्रजी अर्थ आणि शेवटी ‘मराठीत’ अशी इंग्रजी नोंद, असा साचा ठेवा.

लिप्यंतर एकसारखं ठेवणं हेच यातलं खरं किचकट काम. झाडीबोली कोणी झेडने लिहितं, कोणी जे-एचने. वऱ्हाडी कोणी व्हीने, कोणी डब्ल्यूने. माणसांच्या नावांत तर आणखी गोंधळ: कधी वडिलांचं नाव पूर्ण, कधी आद्याक्षर, कधी लग्नाआधीचं आडनाव. यंत्र या चार तऱ्हांची चार माणसं करतं आणि हवाले चौघांत वाटले जातात. तुमच्या गटातल्या सगळ्यांनी बसून दोन पानांचा तक्ता करा: विषयातले नेहमीचे पन्नास शब्द आणि नेहमी लागणारे तीस लेखक, प्रत्येकाचं रोमन रूप एकच. तो तक्ता नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये छापा. सोबत प्रत्येकाने ओआरसीआयडी काढावा. सोळा अंकी ओळख क्रमांक आहे, मोफत आहे, आणि नाव कसंही लिहिलं तरी माणूस एकच राहतो. गुगल स्कॉलरवर प्रोफाईल काढून चौदाही लेख हाताने चढवा.

आता नियतकालिक. ‘स्कोपससाठी अर्ज करू का’ असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते आत्ता नको. स्कोपसला किमान दोन वर्षांचा नियमित इतिहास, छापील समीक्षा-धोरण, नीतिनियमांचं निवेदन, इंग्रजी शीर्षकं व सारांश आणि रोमन संदर्भ लागतात. हे सगळं चांगलंच आहे, करावंच. पण त्या यादीकडे डोळे लावून चालणारं नियतकालिक हळूहळू आपले वाचक बदलतं. साकोलीचा शिक्षक, आमगावचा शेतकरी-कवी यांना सोडून ते अनोळखी समितीसाठी छापलं जाऊ लागतं. तुमचा अंक आधी शोधता यावा, उघडता यावा आणि त्याचा हवाला देता यावा. आज तो यातलं काहीच करू देत नसणार, आणि मला वाटतं त्यातली निम्मी अडचण फाँटची आहे.

एक चाचणी करा. अंकाची पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर अंक श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटमध्ये लागलेला आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण यंत्राला त्यात एकही मराठी शब्द दिसत नाही. गुगल स्कॉलरने तो अंक कितीही वेळा चाळला तरी ‘बोडी’ शोधणाऱ्याला तो मिळणार नाही. प्रेसचा डीटीपी ऑपरेटर युनिकोडला बहुधा नाही म्हणेल, कारण त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. इनडिझाइन असेल तर परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला की ती जुळतात. तेही जमत नसेल तर भांडत बसू नका. छापील अंक त्याच्या पद्धतीने लागू द्या, आणि वेबसाठी लेखकाच्या मूळ युनिकोड फाईलवरून वेगळी पीडीएफ करा. फक्त एक जपा: छापील प्रतीचे पृष्ठांक वेब प्रतीच्या पहिल्या पानावर लिहा आणि छापील पान जिथे बदलतं तिथे मजकुरात कंसात आकडा टाका. नाहीतर एकाच लेखाचे दोन पृष्ठांक फिरतात आणि हवाले जुळत नाहीत.

जुने अंक कन्व्हर्टरने बदलून घ्याल तेव्हा ऱ्हस्व वेलांटी जागेवर आहे का आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ शाबूत आहेत का ते वाचून पाहा. सगळ्यात त्रास ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ देतात. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक नुक्त्याच्या ऱपासून आणि दुसरा साध्या रला अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र जुळतीलच याची खात्री नाही. त्यात कन्व्हर्टर ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’ करून ठेवतो. एकच पद्धत ठरवा आणि पूर्ण अंकावर एकदा ‘शोधा व बदला’ चालवा. फक्त कागदी अंक उरला असेल तर स्कॅन करून गुगल ड्राइव्ह किंवा टेसरॅक्टने मजकूर ओळखून घ्या. दोन्हींना मराठी येतं, पण मुद्रितशोधन माणसालाच करावं लागेल, आणि बोलीतले शब्द तर यंत्र ओळखीच्या प्रमाण शब्दाकडे ओढण्याची शक्यता असते. तुमच्या विषयात तीच चूक सर्वांत महाग.

अख्ख्या अंकाची एकच पीडीएफ ठेवू नका. प्रत्येक लेखाची वेगळी फाईल, ५ एमबीच्या आत, पहिल्या पानावर वर मोठ्या अक्षरात शीर्षक, त्याखाली लेखकाचं नाव, आणि प्रत्येक लेखाला स्वतंत्र पत्ता. गुगल स्कॉलरला एवढं लागतं. संकेतस्थळासाठी ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर झेनोडोवर खातं उघडा. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेची ती साठवण आहे आणि प्रत्येक लेखाला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) फुकट देते. ऑनलाइन आवृत्तीला वेगळा आयएसएसएन घ्या, छापीलचा चालत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून तोही विनाशुल्क मिळतो. हे सगळं लागलं आणि वर्षाला निदान पाच संशोधनलेख नियमित येऊ लागले, की मुक्त नियतकालिकांच्या डीओएजे या सूचीकडे अर्ज करा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि भाषेची अटही नाही.

लेखकांच्या सवयी बदलायला वेळ लागेल. ‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ (आधी दिलेल्या संदर्भाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा) तळटिपेत राहू द्यात, पण लेखाच्या शेवटी पूर्ण संदर्भांची यादी हवीच. यंत्राला ‘तत्रैव’ म्हणजे कोण हे कळत नाही, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्यालाही अनेकदा कळत नाही. जोडअंक बंद करा. सहा महिन्यांचा अंक चौदा महिन्यांनी काढून ‘जुलै-जून’ छापण्यापेक्षा वर्षातून एकच अंक काढा, पण ठरल्या महिन्यात. समीक्षक मिळत नाहीत, सगळे एकमेकांना ओळखतात, ही तुमची तक्रार खरी आहे. आठ-दहा जणांच्या क्षेत्रात नाव झाकून काही उपयोग नसतो. म्हणून दोनपैकी एक समीक्षक शेजारच्या विषयातून घ्या: धानावर काम करणारा कृषिशास्त्रज्ञ, पाण्याचा अभ्यासक, रायपूरकडचा हलबी किंवा छत्तीसगढीचा भाषावैज्ञानिक. बोलीतला बारकावा त्याला कळणार नाही, पण पुरावा ढिला कुठे आहे ते तो बरोबर दाखवेल.

राहता राहिली तुमची विद्यार्थिनी. तिला होकार द्या. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांत नाही. फक्त तुमच्या विद्यापीठाचा सध्याचा दिशानिर्देश काय म्हणतो ते नोंदणीआधी पाहून घ्या. तिच्या भवितव्याची काळजी असेल तर विषय बदलण्यापेक्षा तिच्या कामाला दोन पाय द्या. प्रबंध मराठीत असू द्या, आणि शब्दसंग्रह स्वतंत्र डेटासेट म्हणून डीओआयसह ठेवा, म्हणजे प्राणिशास्त्रातला माणूसही त्याचा हवाला देऊ शकेल. प्रत्येक शब्दाची एक ओळ: देवनागरी रूप, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतला उच्चार, गाव, तालुका, सांगणाऱ्याचं वय आणि व्यवसाय, तारीख, ध्वनिफितीचा क्रमांक, माशाचा फोटो, शास्त्रीय नाव. सांगणाऱ्याची संमती आधी घ्यावी, आणि त्याची इच्छा असेल तर नावही छापावं. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या जाणत्या माणसाने सांगितलेला शब्द हा पुस्तकातल्या हवाल्याइतकाच संदर्भ आहे. शास्त्रीय नाव तिने स्वतः ठरवू नये, महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावं. एकाच नावाखाली दोन-तीन जाती असू शकतात, आणि एकाच माशाचं पिल्लू आणि मोठा मासा यांना वेगळी नावं असू शकतात. उन्हाळ्यात बोड्या आटायला लागल्या की मासे धरणं जोरात असतं आणि सगळ्या जाती एकाच वेळी काठावर येतात. नोंदवही, रेकॉर्डर आणि फोटोत माप कळावं म्हणून एक फूटपट्टी, हे त्याआधी तयार हवं.